पूजेतला कागद

सरस्वतीबाई चिंचोलकरांच्या अकरा कादंबऱ्यांत अकरा फितूर आहेत, आणि ते अकराही जण हसताना डावा डोळा बारीक करून कानाची पाळी ओढतात. कुणी किल्ल्याचा कारभारी आहे, कुणी राणीचा मामेभाऊ, कुणी नुसता पानदान उचलणारा. सगळ्यांची शेवटी गत मात्र वाईट. ‘नळगंगेची राणी’ मधल्याचा कडेलोट होतो, ‘वेढ्यातलं लग्न’ मधला हत्तीच्या पायी जातो, आणि ‘बुरुजावरचा मोगरा’ मधल्याला तर बाईंनी कोरड्या विहिरीत उतरवून वरून दगड लोटले. त्या प्रकरणाला सोळा पानं लागली आणि एवढ्या सुखानं बाईंनी दुसरं काही लिहिलं नव्हतं.

वाचकांच्या हे ध्यानात आलं नाही. वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्या बाया नायिकेच्या लग्नासाठी वाचत. फितुराच्या डोळ्याकडे कोण बघतो? पुण्याच्या प्रकाशकाच्या मात्र ध्यानात आलं. त्यानं एकदा पत्रात लिहिलं, ‘आपला दुष्ट मनुष्य दर खेपेस एकाच चेहऱ्याचा असतो. निदान मिशा तरी बदलाव्यात.’ बाईंनी मिशा बदलल्या. डोळा आणि कान तेवढे राहू दिले.

तो डोळा आणि तो कान होता उकंडराव देशमुखांचा.

गोष्ट जुनी, एकेचाळीस सालची. सरस्वतीचे वडील नारायणराव मलकापूरच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज लिहून देत, जुने मोडी कागद वाचून देत. पोर त्यांच्याजवळ बसून मोडी शिकली. सतराव्या वर्षी खैरगावच्या देशमुखांकडून तिला मागणी आली. खैरगाव म्हणजे धामणगाव बढ्याच्या पलीकडे, अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेलं गाव. डोंगरावर पडका खैरगड, आणि त्या गडाचे आम्ही धनी असं सांगणारे देशमुख खाली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला. नारायणरावांनी भर पंगतीत कौतुकानं सांगितलं, “पोरगी मोडी वाचते बरं, माझ्यापेक्षा झरझर.” पंगत गप्प झाली. नवरदेव उकंडराव डावा डोळा बारीक करून हसला, कानाची पाळी ओढत म्हणाला, “मंग आमाले कारकून ठेवाचं काम नाही!” आणि मग सगळी पंगत हसली.

आठव्या दिवशी देशमुखांचा न्हावी आला. ‘वाचणारी बाई घरात टिकत नाही’ असा निरोप त्यानं ओट्यावरूनच दिला आणि साक्षगंधाचं लुगडं परत मागितलं. सरस्वतीच्या अंगावर तेव्हा तेच लुगडं होतं. तिनं आत जाऊन ते बदललं, घडी केली आणि आणून दिलं. आळीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या. त्यानंतर नारायणराव कचेरीत बसेनासे झाले. कुणी हसलं की त्यांना वाटे आपल्यालाच हसलं. दोन वर्षांत ते गेले.

सरस्वतीनं पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाही. नांदुऱ्याला मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि सकाळी चार ते सात या वेळात लिहायला घेतलं. तिच्या लिहिण्याची रीत ठरलेली. आधी फितुराचा मृत्यू लिहायचा, मग त्याला पुरेल एवढी फितुरी, आणि मग त्या दोहोंच्या मधे मावेल तेवढी प्रेमकथा. लोकांना वाटे बाईंना प्रेमाचं अंग आहे. बाईंना अंग होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

यात एकच खोट होती. अकरा वेळा सुरी फेकली, पण ज्याच्यावर फेकली त्याला ती कधी लागलीच नाही. उकंडराव वाचतच नव्हते.

आणि मग महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, एका रविवारी सकाळी नांदुऱ्यात बाईंच्या दारापुढे जीप थांबली. कानाची पाळी ओढत उकंडराव आत आले. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण डोळा तोच. बाईंच्या हातातलं फडकं पडलं. अकरा वेळा मारलेला माणूस खुर्ची ओढून बसला होता.

“वळखलं नाही काय? मी खैरगावचा उकंडराव.”

“ओळखलं.”

“तुमी मंजे आपल्या अर्जनवीस नारायणरावच्या सरस्वती ना?” ते डोळा बारीक करून हसले. “तवा जमलं असतं त आज पुस्तकासाठी नांदुऱ्याले याचं काम नव्हतं. घरच्या घरीच झालं असतं!”

तेवीस वर्षं जे उराशी धरून ठेवलं होतं ते या माणसाला आठवत होतं, आणि गंमत म्हणून आठवत होतं. विसरला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

काम असं होतं. खैरगावला नवं हायस्कूल झालं होतं. त्याला देशमुखांचे पूर्वज हैबतराव यांचं नाव द्यायचं घाटत होतं. हैबतराव म्हणजे ज्यांनी मोगलाई फौजेपुढे चाळीस दिवस गड लढवला आणि दरवाजात उभं राहून देह ठेवला ते. तालुक्यात पोराटोराला ठाऊक. पण जिल्हा परिषदेतला एक सभासद आडवा पडला होता. कशावरून, म्हणत होता. काही लिहिलेलं आहे का?

“त म्या म्हनलं, आपनच लिहून घेऊ. तुमचं नाव मोठं आहे. आमच्या घरच्या साऱ्या बाया तुमचे पुस्तकं वाचतात. मी नाही वाचलं एकही. वेळ कोठी भेट्टे?” त्यांनी पिशवीतून लाल बासनात बांधलेला गठ्ठा काढून आधी कपाळाला लावला, मग टेबलावर ठेवला. “हे आमचं देव्हाऱ्यातलं. दसऱ्याले तलवारीसंगं याची पूजा होते. वरचा कागद हैबतरावच्या स्वतःच्या हातचा आहे. मोडीत आहे, मोडी येनारं आता कोनी राह्यलं नाही. पंधरा दिवस ठेवा, मंग मानूस पाठवतो.”

“यात काय लिहिलंय, कुणी वाचलं होतं का कधी?”

“पूजेचा कागद कोनी वाचते काय, बाई?” उकंडराव म्हणाले.

जीप गेल्यावर बाईंनी दाराला कडी घातली आणि बासन सोडलं. वरचा कागद दीडदोनशे दसऱ्यांच्या हळदीकुंकवानं लालपिवळा झाला होता. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी आधी तारीख पाहिली, मग कोण कोणाला लिहितो ते, मग मजकूर. धाडलेल्या अर्जाची ही घरी ठेवून घेतलेली प्रत होती. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना खरं वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो ओळीनं बाळबोध अक्षरात उतरवून काढला.

वरचा कागद परत ठेवला, बासन बांधलं. चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या, “बाबा, ऐकलं का?”

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा बाईंचा बेत सरळ होता. देशमुखांना हवा तसा हैबतराव उभा करायचा, जेवढा उंच नेता येईल तेवढा न्यायचा. आणि शेवटी परिशिष्टात, ऐतिहासिक कादंबरीला जोडतात तसा, घराण्याचा अस्सल कागद छापायचा. उंचावरून पडलं म्हणजे हाडं नीट मोडतात.

पण झालं भलतंच. या वेळी फितूर लिहायचाच नव्हता, म्हणून मृत्यूपासून सुरुवात करता आली नाही, आणि बाईंना पहिल्यांदाच प्रेमापासून सुरुवात करावी लागली. हैबतराव तिसऱ्याच प्रकरणात त्यांच्या हातातून सुटला आणि आपल्या पायांनी चालू लागला. तो कमी बोलायचा. बायकोनं पोथी वाचायला घेतली की दाराशी बसून ऐकायचा. ते प्रकरण लिहून झालं तेव्हा सात वाजून गेले होते, शाळेची घंटा झाली होती आणि बाई पदरानं डोळे पुसत होत्या. एवढ्या वर्षांत आपण कोणत्या नवऱ्याची वाट पाहिली ते त्यांना चाळिसाव्या वर्षी कळलं, आणि त्याला देशमुखाचं आडनाव होतं.

प्रकाशकाचं पत्र आलं. ‘खैरगडचा हैबतराव’ ही आपली सर्वोत्तम कृती आहे. यापुढे लोक आपलं नाव मोठ्या लेखकांच्या ओळीत घेतील. मात्र परिशिष्ट गाळावं. तो कागद आपल्याच नायकाचा गळा कापतो; ते वाचल्यावर तीनशे पानांवर कोण विश्वास ठेवील?

बाई आठ दिवस त्या पत्राभोवती फिरल्या. पत्र खोटं नव्हतं. सूड घ्यायचा तर पुस्तक मरतं. पुस्तक जगवायचं तर उकंडराव जगतो, आणि नुसता जगत नाही, शाळेच्या दारावर जगतो. एकदा तर त्यांनी परिशिष्ट गाळण्यास संमती म्हणून कार्ड लिहिलंही. ते टपालात टाकायच्या आधी उकंडराव पुन्हा आले, पुस्तक कुठवर आलं ते पाहायला.

“आमचा कागदही छापा हं शेवटी,” ते म्हणाले. “मोठ्या अक्षरात. त्या सभासदाचं तोंडच बंद झालं पाह्यजे.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “आधी तुम्हाला वाचून दाखवते. ऐकून घ्या.”

“काऊन? तुमी वाचला ना? मंग झालं.”

“ऐकलेलं बरं, उकंडराव.”

“अहो बाई, वाचन्याचं काम तुमचं. तवाच म्हनलं होतं ना म्या, कारकून!” आणि ते डावा डोळा बारीक करून हसले.

ते गेल्यावर बाईंनी कार्ड फाडलं आणि प्रकाशकाला तार केली, ‘परिशिष्टासह छापा अथवा हस्तलिखित परत करा.’

समारंभ माघात झाला. हायस्कूलच्या अंगणात मांडव होता. पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे गाव बसलं होतं. बौद्धवाड्यातली माणसं नेहमीसारखी शेवटी, निंबाखाली. पुस्तकाच्या प्रती हारांशेजारी रचल्या होत्या. देशमुखांच्या घरातल्या बायांनी रात्रंदिवस वाचून कादंबरी संपवली होती, हैबतराव पडला तिथं रडल्या होत्या आणि पुस्तक मिटलं होतं. मागची बारीक अक्षरातली पानं कादंबरी वाचणारं माणूस कशाला वाचतं? उकंडराव तर पहिलंही पान वाचत नव्हते.

बाईंना व्यासपीठावर खुर्ची होती. त्यांच्यासाठी आणलेलं लुगडं ताटात होतं. भाषणं झाली. विरोध करणारा सभासदही येऊन बसला होता. उकंडराव उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, “आता सबूत. आमच्या हैबतरावनं आपल्या हातानं लिहिलेला कागद या पुस्तकात छापला आहे. दयाराम मास्तर, वाचा. जोरात वाचा, निंबापावतर गेलं पाह्यजे.”

दयाराम मास्तर त्या शाळेत मराठी शिकवत. बौद्धवाड्यातले, गावातले पहिले पदवीधर, आवाज खणखणीत. त्यांनी पुस्तक मागून उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

“‘अर्जदास्त सेवक हैबतराव वल्द खंडेराव देशमुख, परगणे मजकूर. साहेबांचे फौजेचा मुक्काम गडाखाली पडला त्याचे दुसरे रोजी सेवकाने गडाचा दरवाजा आतून उघडून दिला...’”

मास्तर थांबले. त्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव हसतच होते. जुनी भाषा त्यांच्या कानात शिरली नव्हती. “वाचा, वाचा,” ते म्हणाले.

“‘...दरवाजाचे पाहाऱ्यास रामनाक महार व त्याचे अकरा असामी होते, ते दरवाजा सोडीनात. सबब सेवकाने त्यांस जेवणाचे निमित्ते कोठीत बोलाविले, हत्यारे बाहेर ठेवविली आणि बाहेरून कड्या घातल्या. फौज आत आलियावर त्या बारा जणांच्या गर्दना मारिल्या. ही सेवकाची चाकरी ध्यानी आणून देशमुखीचे वतन सेवकाकडे पुढे चालवावे.’”

पाहुण्यांतला तो सभासद हळूच पुढच्या प्रतीकडे वाकला आणि मागचं पान उघडू लागला. मग सगळ्याच खुर्च्यांवर पानं उलटल्याचा आवाज सुरू झाला. उकंडरावांनी मागं वळून बाईंकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

“बाई, हे काय छापलं?”

“तुमचा कागद. मोठ्या अक्षरात छापा, तुम्हीच म्हणालात.”

“खोटं आहे! कादंबऱ्या लिवनारी बाई, हेही तिनंच रचलं!”

“मग मूळ कागद आणा,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. माइक जवळच होता, निंबापर्यंत गेलं. “तुमच्या देव्हाऱ्यात आहे. नागपूर, अमरावती, कुठलाही मोडी वाचणारा बोलवा. माझं नको, त्याचं ऐका. नाहीतरी आमच्यासारखे कारकून पैशाला पासरी मिळतात.”

उकंडरावांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाईंनी तो चेहरा डोळे भरून पाहिला. विहिरीत दगड लोटले त्या सोळा पानांत हा चेहरा त्यांना साधला नव्हता.

तेवढ्यात निंबाखालून एक म्हातारी उठली. चांगुणाबाई तिचं नाव, दयाराम मास्तरांची चुलत आजी. “मास्तर,” तिनं हाक मारली, “त्या बाराइचं पुन्हा वाच बापा. ते नाव पुन्हा वाच.”

मास्तरांनी पुन्हा वाचलं. मांडवातली सगळी डोकी निंबाकडे वळली, आणि व्यासपीठाकडे पाहणारं कुणी राहिलं नाही. बाई लुगड्याचं ताट तसंच ठेवून मागच्या बाजूनं उतरल्या आणि बस धरायला चालत निघाल्या.

शाळेला नाव मिळालं नाही. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली नाही. वाचनालयातून पत्रं आली ती रागाची होती. आम्ही एवढं रडलो ते कुणासाठी, असं एका बाईनं अकोल्याहून विचारलं. प्रकाशकानं कळवलं की यापुढे आपलं लिखाण घेणं अवघड आहे. बाईंनी ती पत्रं वाचली आणि जेवण गोड लागलं. महिनाभर त्यांना झोपही छान आली. पहाटे चारला जाग यायची, पण लिहायला काही नसायचं; ज्याला मारायचं तो मेला होता.

फाल्गुनातल्या एका रविवारी दयाराम मास्तर आले. बसा म्हटल्यावर बसले, चहा घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाले, “बाई, हा कागद तुम्ही केव्हा वाचला?”

“पहिल्याच दिवशी.”

“मंजे पुस्तक लिहायच्या आधी.”

“हो.”

“मी पुस्तक पुरं वाचलं. दोनदा वाचलं. हैबतराव गडावर चढते, त्याचं लगन लागते, बायको पोथी वाचते. चांगलं लिहिलं तुम्ही, खोटं कशाले बोलू. रामनाक कोठी आहे त्याच्यात?”

बाईंनी खाली ठेवलेली बशी उचलली.

“मी सांगतो. एकोणिसाव्या प्रकरणात. ‘पहारेकऱ्यांनी लवून मुजरा केला आणि दरवाजा उघडला.’ बस, एवढंच. ज्यानं दरवाजा उघडला नाही म्हणून जीव दिला, त्याच्याच हातानं तुम्ही दरवाजा उघडवला. तुमाले माहीत असून.”

“मला देशमुखांचा सूड घ्यायचा होता, मास्तर.” एवढ्या वर्षांत हे वाक्य बाई पहिल्यांदाच दुसऱ्या माणसापुढे बोलल्या. “त्यांनी माझ्या बापाला मारलं. हसून मारलं.”

“घेतला ना तुम्ही. चांगला घेतला.” मास्तरांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच बाईंना भय वाटलं. “आमचा कोन घेईन? आमचे बारा जन तुमच्या सुरीची मूठ झाले, दुसरं काय?”

बाहेरून मालगाडी गेली.

“मी एका कामानं आलो,” मास्तर म्हणाले. “त्या बासनात आणखी कागद होते ना?”

“होते.”

“किती?”

“सात.”

“त्याइत काय होतं? बाकीच्या अकरा जणांचे नावं? त्यांच्या बाया, पोरं? आजी रोज विचारते. मी तिले सांगितलं, बाईले विचारून येतो.”

“ते अजून देशमुखांकडे असतील. मागून घेऊ. मी स्वतः येते, वाचून...”

“नाहीत. परवा उकंडरावनं बासन नळगंगेत सोडलं. भटजी नेऊन, मंत्र म्हणून सोडलं. त्या कागदाले बाट लागला म्हणे. आता जे आहे ते तुम्ही वाचलं तेवढंच.” त्यांनी पिशवीतून वही काढली, मांडीवर उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. “आठवते तेवढं सांगा.”

पंधरा दिवस ते बासन या टेबलावर होतं. बाईंना हवं ते पहिल्याच कागदात सापडलं होतं. खालचे सात त्यांनी उलटूनसुद्धा पाहिले नव्हते.

मास्तर वाट पाहत होते. अकरा नावं सांगणं बाईंना काही जड नव्हतं. धोंडनाक, येसनाक, भिकनाक. त्यांची गावं, त्यांच्या बायका, मागं राहिलेली पोरं, एकीचं तर कोठीच्या दाराशी येऊन कड्या वाजवणं. सगळं एका दमात त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, इतकं खरं की सांगितलं असतं तर चांगुणाबाई त्यावर मरेपर्यंत विश्वास ठेवून राहिली असती. बाईंनी ओठही उघडले. मग मिटले.

“मी ते वाचले नाहीत, मास्तर. त्यात काय होतं ते मला माहीत नाही.”

दयाराम मास्तरांनी वर पाहिलं नाही. वहीवर तारीख घातली, खाली बाईंचं नाव लिहिलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.